टोटल लॉस (मोटार विमा)

टोटल लॉस किंवा संपूर्ण हानी ही मोटार विम्यातील एक संज्ञा आहे. अपघात, पूर, आग किंवा चोरी यांमुळे विमा उतरवलेले वाहन कायमचे नाहीसे झाले, अथवा ते दुरुस्त करण्याचा खर्च त्याच्या विमित मूल्याच्या ठरावीक प्रमाणापलीकडे गेला, तर विमा कंपनी दुरुस्तीचा खर्च न देता वाहनाचे मूल्यच विमाधारकास देते. अशा वाहनास टोटल लॉस झालेले वाहन म्हणतात. भारतात हे प्रमाण विमित मूल्याच्या ७५ टक्के इतके आहे.

टोटल लॉस ठरल्याने वाहन नष्ट होत नाही. वाहनाचा सांगाडा, इंजिन आणि सुटे भाग यांना बाजारात किंमत असते. परिवहन कार्यालयातील त्याची नोंदही आपोआप रद्द होत नाही. वस्तू म्हणून वाहनाचा प्रवास भंगार बाजाराकडे किंवा दुरुस्तीकडे होतो, तर नोंद म्हणून ते मूळ मालकाच्या नावावर तसेच राहू शकते. ही दोन्ही कामे एकत्र पूर्ण न झाल्यास मूळ मालकावर कायदेशीर जबाबदारी येण्याचा आणि जुन्या वाहनांच्या खरेदीदारांची फसवणूक होण्याचा धोका निर्माण होतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे उल्हास व वालधुनी नद्यांच्या पूरक्षेत्रालगत असल्यामुळे तेथे पुरात बुडालेल्या वाहनांच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा ठरतो.

## संज्ञा आणि निकष

टोटल लॉसचे दोन प्रकार मानले जातात. वाहन चोरीस जाऊन सापडले नाही किंवा पूर्णपणे जळून गेले, तर ती प्रत्यक्ष संपूर्ण हानी होय. वाहन शिल्लक आहे, परंतु ते घटनास्थळावरून आणण्याचा व दुरुस्त करण्याचा एकूण खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होतो, अशा वेळी तिला रचनात्मक संपूर्ण हानी म्हणतात. गॅरेज आणि विमा व्यवसायात दोन्हींसाठी 'टोटल लॉस' हाच शब्द रूढ आहे.

हा निकष २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये देण्यात आला. १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरवण्याची मुभा विमा कंपन्यांना मिळाली, तरी टोटल लॉसची व्याख्या आणि मूल्य काढण्याची पद्धत व्यवहारात तशीच चालू राहिली.

टोटल लॉसची भरपाई केवळ सर्वसमावेशक विमा किंवा स्वतःच्या नुकसानीचा विमा असलेल्या वाहनांनाच मिळते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार बंधनकारक असलेला विमा हा त्रयस्थ पक्षाच्या हानीपुरता असतो. केवळ हाच विमा असलेले वाहन पुरात बुडाल्यास मालकास विमा कंपनीकडून काहीही मिळत नाही. असे वाहन मालक स्वतः दुरुस्त करून घेतो किंवा थेट भंगारात विकतो.

## विमित घोषित मूल्य

भरपाईचा आधार म्हणजे वाहनाचे विमित घोषित मूल्य. व्यवहारात त्याला 'आयडीव्ही' असे म्हणतात. विमा सुरू होताना किंवा त्याचे नूतनीकरण होताना उत्पादकाने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून वाहनाच्या वयानुसार घसारा वजा करून ते काढले जाते. नोंदणी आणि विमा यांवरील खर्च त्यात धरला जात नाही. घसाऱ्याचे प्रमाण पुढीलप्रमाणे असते:

* ६ महिन्यांपर्यंत – ५ टक्के
* ६ महिने ते १ वर्ष – १५ टक्के
* १ ते २ वर्षे – २० टक्के
* २ ते ३ वर्षे – ३० टक्के
* ३ ते ४ वर्षे – ४० टक्के
* ४ ते ५ वर्षे – ५० टक्के

पाच वर्षांहून जुन्या किंवा उत्पादन बंद झालेल्या वाहनांचे मूल्य विमा कंपनी व विमाधारक यांच्या संमतीने ठरते. टोटल लॉसच्या दाव्यासाठी विमित घोषित मूल्य हेच पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत वाहनाचे बाजारमूल्य मानले जाते. वर्षाच्या अखेरीस अपघात झाला म्हणून त्यातून पुन्हा घसारा वजा केला जात नाही. हप्ता कमी बसावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हे मूल्य कमी ठेवल्यास टोटल लॉसची भरपाईही त्याच प्रमाणात कमी मिळते.

## उल्हास खोऱ्यातील पार्श्वभूमी

उल्हास नदी सह्याद्रीत खंडाळा–राजमाची परिसरात उगम पावते व कर्जत, वांगणी, बदलापूर या मार्गाने कल्याणकडे वाहते. कल्याणनंतर तिचे खाडीत रूपांतर होते. वालधुनी ही लहान नदी अंबरनाथजवळच्या डोंगरांतून निघून अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांतून कल्याणकडे जाते. घाटमाथ्यावर आणि खोऱ्यात एकाच वेळी अतिवृष्टी झाल्यास या नद्यांचे पाणी काठावरील वस्त्यांत शिरते. इमारतींचे तळमजले वाहनतळासाठी मोकळे ठेवण्याची पद्धत असल्याने अशा वेळी सर्वप्रथम वाहने पाण्याखाली जातात.

२६ जुलै २००५ रोजी मुंबई व ठाणे जिल्ह्यांत झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या वेळी उल्हास खोऱ्यातील बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण येथेही मोठा पूर आला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि गाडीतील सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. जुलै २०२१ मध्येही उल्हास नदीचे पाणी बदलापुरातील नदीकाठच्या भागांत शिरले होते.

पूर हा अपघातापेक्षा वेगळ्या प्रकारची हानी करतो. अपघातात नुकसान बाहेरून दिसते. पुरात बुडालेली मोटार धुऊन पुसून ठेवल्यास वरवर चांगली दिसू शकते. प्रत्यक्षात विद्युत तारांचे जोड, इंजिन नियंत्रक संगणक, एअरबॅगचे नियंत्रक, आसनांखालील संवेदक आणि गिअरबॉक्स यांत पाणी व गाळ शिरलेला असतो. यांतील अनेक भाग दुरुस्त करता येत नाहीत, बदलावेच लागतात. त्यामुळे पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेल्या मोटारीच्या दुरुस्तीचा अंदाज ७५ टक्क्यांची मर्यादा सहज ओलांडू शकतो.

## पाहणी आणि निर्णय

दावा दाखल झाल्यावर वाहन क्रेनने किंवा टोइंग व्हॅनने गॅरेजमध्ये नेले जाते. मोठ्या रकमेच्या दाव्यांत विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ यूएम नुसार परवानाधारक सर्व्हेअरकडून हानीचे मूल्यमापन करून घेणे आवश्यक असते. गॅरेज दुरुस्तीचे अंदाजपत्रक देते, सर्व्हेअर प्रत्येक भागाची तपासणी करून कोणता भाग बदलायचा व कोणता दुरुस्त करायचा हे ठरवतो आणि आपला अहवाल कंपनीस सादर करतो. वाहन टोटल लॉस ठरण्याची शक्यता असल्यास सर्व्हेअर अवशेषांना किती किंमत येईल याचाही अंदाज घेतो.

पुराच्या दाव्यांत वादाचा नेहमीचा मुद्दा इंजिनाचा असतो. पाण्यात उभ्या असलेल्या मोटारीचे इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमध्ये पाणी खेचले जाते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. ही हानी पुराची थेट हानी नसून नंतरच्या कृतीमुळे झालेली हानी आहे, असे मानून विमा कंपन्या ती सर्वसाधारण पॉलिसीखाली नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे पूरक कवच वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते.

चोरीच्या प्रकरणात पोलिसांत नोंदवलेला प्रथम खबर अहवाल आणि वाहनाचा शोध लागला नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल आवश्यक असतो. वाहनाच्या सर्व किल्ल्या व कागदपत्रे कंपनीच्या ताब्यात द्यावी लागतात. भरपाई दिल्यानंतर वाहन सापडल्यास त्यावर विमा कंपनीचा हक्क राहतो.

## दाव्याची तडजोड

टोटल लॉस मान्य झाल्यावर तडजोड मुख्यतः दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात विमाधारक वाहनाचे अवशेष सोडून देतो आणि विमित घोषित मूल्यातून केवळ अनिवार्य वजावट कापून उर्वरित रक्कम घेतो. दुसऱ्या प्रकारात अवशेष विमाधारकाकडेच राहतात आणि त्यांची अंदाजित किंमत भरपाईतून वजा होते. अवशेषांना विमा व्यवसायात 'साल्व्हेज' म्हणतात.

उदाहरणादाखल, विमा नूतनीकरणाच्या वेळी ८,००,००० रुपये विक्री किंमत असलेल्या अडीच वर्षे वयाच्या मोटारीचे विमित घोषित मूल्य ३० टक्के घसारा वजा जाता ५,६०,००० रुपये होते. त्याचे ७५ टक्के म्हणजे ४,२०,००० रुपये. दुरुस्तीचा अंदाज ४,५०,००० रुपये आल्यास ती मोटार टोटल लॉस ठरते. इंजिनाची क्षमता १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत असल्यास अनिवार्य वजावट १,००० रुपये असते. अवशेष सोडून दिल्यास मालकास ५,५९,००० रुपये मिळतात. अवशेषांची किंमत १,६०,००० रुपये ठरली आणि मालकाने ते स्वतःकडे ठेवले, तर त्यास ३,९९,००० रुपये मिळतात व अवशेषांची पुढील व्यवस्था त्यालाच करावी लागते.

मोटार कर्जावर घेतलेली असल्यास भरपाईवर कर्ज देणाऱ्या बँकेचा प्रथम हक्क असतो. कर्जाची बाकी विमित मूल्यापेक्षा अधिक असेल, तर मोटार गेल्यानंतरही फरकाची रक्कम मालकास फेडावी लागते. हा फरक भरून निघावा म्हणून नव्या वाहनांसाठी खरेदी पावतीइतकी रक्कम देणारे पूरक कवच उपलब्ध असते. टोटल लॉसची रक्कम दिल्यानंतर त्या पॉलिसीतील स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण संपुष्टात येते.

## अवशेषांची विक्री

विमा कंपन्या सामान्यतः टोटल लॉस वाहने स्वतःकडे साठवून ठेवत नाहीत. वाहन गॅरेजमध्ये उभे असतानाच त्याची छायाचित्रे आणि माहिती ऑनलाइन लिलावात ठेवली जाते. बोली लावणाऱ्यांत भंगार व्यापारी, सुट्या भागांचे विक्रेते आणि वाहने दुरुस्त करून विकणारे व्यावसायिक असतात. बोली वाहनाच्या अवस्थेवर जशी ठरते, तशीच कागदपत्रांवरही ठरते. नोंदणी प्रमाणपत्रासह विकल्या जाणाऱ्या वाहनास केवळ भंगार म्हणून विकल्या जाणाऱ्या वाहनापेक्षा अधिक किंमत येते, कारण पहिले वाहन दुरुस्त करून पुन्हा विकता येते.

विक्रीच्या वेळी मूळ मालकाकडून नमुना २८, २९ आणि ३० यांवर सह्या घेतल्या जातात. नमुना २८ हा ना-हरकत प्रमाणपत्रासाठी, तर नमुना २९ व ३० हे मालकी हस्तांतरणासाठी असतात. व्यवहारात या नमुन्यांवर खरेदीदाराचे नाव कोरे ठेवून सह्या घेण्याची पद्धत आढळते. अवशेष एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात असले, तरी सरकारी नोंदीत मालक म्हणून मूळ विमाधारकाचेच नाव राहते.

## नोंदणी रद्द करणे

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निरुपयोगी झाल्यास मालकाने १४ दिवसांच्या आत, अथवा शक्य तितक्या लवकर, आपल्या निवासक्षेत्रातील नोंदणी प्राधिकाऱ्यास तसे कळवून नोंदणी प्रमाणपत्र जमा करावयाचे असते. नोंदणी त्याच कार्यालयातील असल्यास प्राधिकारी ती रद्द करतो, अन्यथा मूळ नोंदणी प्राधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवतो. वाहनाची अवस्था सार्वजनिक सुरक्षेला धोकादायक व दुरुस्तीपलीकडची असल्याचे तपासणीत आढळल्यास मालकास बाजू मांडण्याची संधी देऊन प्राधिकारी स्वतःहूनही नोंदणी रद्द करू शकतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील वाहनांची नोंदणी कल्याण येथील परिवहन कार्यालयात होते. त्यांचे क्रमांक 'एमएच ०५' या संकेताने सुरू होतात.

टोटल लॉस हा विमा करारातील आर्थिक निकष आहे, तर कलम ५५ मधील 'कायमचे निरुपयोगी' ही वाहनाची भौतिक अवस्था आहे. त्यामुळे टोटल लॉस ठरलेल्या प्रत्येक वाहनाची नोंदणी रद्द होतेच असे नाही. दुरुस्त होऊ शकणारे वाहन नव्या मालकाच्या नावावर रीतसर हस्तांतरित करता येते. कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत हस्तांतरणाची माहिती १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास देणे अपेक्षित आहे. अडचण उद्भवते ती नोंदणी रद्दही झाली नाही आणि हस्तांतरितही झाली नाही, अशा वाहनांबाबत.

## नोंद मागे राहिल्यास

### मूळ मालकाची जबाबदारी

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या निकालानुसार अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच वाहनाचा मालक मानला जातो. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंदणीत बदल झाला नव्हता. न्यायालयाने नोंदणीकृत मालकासच जबाबदार धरले. अपघातग्रस्त व्यक्तीने एकामागून एक झालेल्या अनोंदणीकृत विक्रींचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही, अशी भूमिका या निकालामागे होती.

टोटल लॉसच्या संदर्भात याचा अर्थ असा की, भरपाई घेऊन मोटार सोडून दिलेला मालक नोंदणीत कायम राहिला आणि ती मोटार दुरुस्त होऊन विम्याविना रस्त्यावर आली, तर तिच्यामुळे झालेल्या अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. वाहतूक दंडाची चलनेही नोंदणीकृत मालकाच्या नावानेच निघतात. या कारणास्तव अवशेष देताना नोंदणी रद्द केल्याची किंवा हस्तांतरणाची पोच मिळवणे हा दाव्याच्या तडजोडीतील महत्त्वाचा भाग ठरतो.

२०२२ च्या अखेरीस केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकारपत्राची तरतूद करण्यात आली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. प्राधिकृत विक्रेत्याकडे वाहन सोपवल्याची सूचना पोर्टलवर नोंदवल्यानंतर ते विकले जाईपर्यंत तो विक्रेता मालक मानला जातो. ही तरतूद प्राधिकृत विक्रेत्यांपुरतीच आहे.

### ओळख बदलण्याचे गुन्हे

टोटल लॉस वाहनाच्या कागदपत्रांना स्वतंत्र किंमत येण्यामागे गुन्हेगारी कारणही असते. अवशेष स्वस्तात घेऊन त्याचा चासी क्रमांक कापून काढला जातो आणि त्याच मॉडेलच्या व रंगाच्या चोरीच्या मोटारीवर जोडला जातो. चोरीच्या मोटारीस अशा प्रकारे कायदेशीर दिसणारी ओळख मिळते. २०२० मध्ये लखनौ पोलिसांनी या पद्धतीने चोरीच्या मोटारी विकणारी टोळी उघडकीस आणली होती.

महाराष्ट्रात २०१९ च्या पुरात पनवेल परिसरात साठवलेल्या चारशेहून अधिक नव्या मोटारी पाण्याखाली गेल्या. त्या भंगार म्हणून विकण्यात आल्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ४ मानकाच्या वाहनांची विक्री व नोंदणी बंद झाली होती. तरीही यांतील मोटारींचे चासी क्रमांक बदलून त्या वेगवेगळ्या राज्यांत नोंदवल्या व विकल्या गेल्याचे २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांच्या तपासात आढळले. या प्रकरणात सुमारे दीडशे मोटारी जप्त करण्यात आल्या.

## मोडणी आणि सुटे भाग

दुरुस्तीस योग्य नसलेली मोटार मोडली जाते. बॅटरी, टायर, इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, दिवे, काचा आणि आसने वेगळी काढून विकली जातात. मुंबई परिसरात जुन्या सुट्या भागांचा कुर्ला येथील बाजार प्रसिद्ध आहे. भारतात दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट आणि मेरठमधील सोतीगंज हे असे मोठे बाजार म्हणून ओळखले गेले. चोरीच्या वाहनांच्या मोडणीविरुद्ध पोलिसांनी केलेल्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सोतीगंजचा बाजार बंद झाला.

मोटारीच्या वजनात पोलादाचा वाटा सर्वाधिक असतो. सुटे भाग काढल्यानंतर उरलेला सांगाडा कापून किंवा दाबून वितळण्यासाठी पाठवला जातो. महाराष्ट्रात जालना हे भंगारापासून बांधकामाच्या सळ्या तयार करणाऱ्या भट्ट्यांचे मोठे केंद्र आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे वेगळे काढले जाते. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्याने त्यास वेगळी किंमत मिळते.

### नोंदणीकृत मोडणी केंद्रे

केंद्र सरकारने २३ सप्टेंबर २०२१ रोजी वाहन मोडणी केंद्रांची नोंदणी व कार्ये यांविषयीचे नियम अधिसूचित केले. वयोमर्यादेमुळे किंवा योग्यता चाचणीत अपात्र ठरल्यामुळे बाद झालेल्या वाहनांबरोबरच आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अपघात यांत नुकसान झालेली आणि मालकाने भंगार म्हणून जाहीर केलेली वाहनेही या केंद्रांत देता येतात. त्यामुळे पुरात टोटल लॉस झालेले वाहन या नियमांच्या कक्षेत येते.

केंद्राने वाहन स्वीकारण्यापूर्वी ते चोरीच्या वाहनांच्या नोंदींत नसल्याची आणि त्यावर बँकेचा बोजा नसल्याची खात्री करावयाची असते. वाहन ताब्यात घेतल्यावर मालकास ठेव प्रमाणपत्र दिले जाते आणि मोडणी झाल्यावर वाहन मोडणी प्रमाणपत्र तयार होते. ही माहिती 'वाहन' या राष्ट्रीय नोंदप्रणालीत जाते. चासी क्रमांक असलेला कापलेला तुकडा केंद्राने जपून ठेवावयाचा असतो. या पद्धतीत वाहनाची मोडणी आणि नोंदीची समाप्ती ही दोन्ही कामे एकाच साखळीत होतात. हाच तिच्यातील आणि पारंपरिक भंगार व्यवहारातील मुख्य फरक होय.

ठेव प्रमाणपत्राच्या आधारे नवे वाहन घेताना नोंदणी शुल्क माफ होते. मोटार वाहन करात खाजगी वाहनांना २५ टक्क्यांपर्यंत आणि परिवहन वाहनांना १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. टोटल लॉस वाहन लिलावात गेल्यास मूळ मालकाला सहसा हा लाभ मिळत नाही. अवशेष स्वतःकडे ठेवून मोडणी केंद्रात देणाऱ्यास तो मिळू शकतो. मात्र केंद्राकडून मिळणारी किंमत लिलावातील बोलीपेक्षा कमी असू शकते, कारण केंद्र धातू व सुट्या भागांचा विचार करते, तर लिलावातील खरेदीदार पुनर्विक्रीचा विचार करतो.

## पर्यावरणीय बाजू

एका मोटारीत इंजिन तेल, गिअर तेल, ब्रेकचे द्रव, शीतक, इंधन आणि वातानुकूलन यंत्रातील वायू असतो. बॅटरीत शिसे व आम्ल असते. उघड्यावर मोडणी झाल्यास हे पदार्थ जमिनीत व नाल्यांत जातात. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली, तर बॅटरी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली येते.

अंबरनाथ–उल्हासनगर पट्ट्यात हा प्रश्न अधिक संवेदनशील आहे. औद्योगिक सांडपाण्यामुळे वालधुनी नदी आधीच प्रदूषित आहे. २०१४ मध्ये नदीत सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात शेकडो रहिवाशांना वायुबाधा झाली होती.

आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण संरक्षण नियम जानेवारी २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार वाहन उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकण्यात आली असून पूर्वी बाजारात आणलेल्या वाहनांतील पोलादाच्या ठरावीक हिश्शाची पुनर्प्राप्ती मोडणी केंद्रांमार्फत झाल्याचे त्यांनी दाखवून द्यावयाचे आहे. सुरुवातीच्या वर्षांसाठी हे प्रमाण ८ टक्के आहे.

## पुन्हा रस्त्यावर येणारी वाहने

टोटल लॉस वाहन दुरुस्त करून वापरणे बेकायदेशीर नाही. दुरुस्तीचा खर्च अधिकृत गॅरेजच्या दरांनी काढलेला असतो. जुने सुटे भाग व कमी मजुरी यांमुळे स्थानिक गॅरेजमध्ये तेच काम बरेच स्वस्तात होऊ शकते. प्रश्न उद्भवतो तो दुरुस्तीच्या दर्जाचा आणि माहिती लपवण्याचा. अपघातात फुटलेल्या एअरबॅग न बदलता केवळ आवरण बसवणे, दोन मोटारींचे अर्धे भाग जोडून एक सांगाडा तयार करणे, पुराच्या पाण्याने गंजलेले विद्युत जोड तसेच ठेवणे, अशा दुरुस्त्या वरवर पाहता कळत नाहीत.

पुरात बुडालेल्या मोटारीच्या काही खुणा मागे राहतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारी गाळाची रेषा, गालिच्याखालचा ओलावा, आसनांच्या पट्ट्यांवरील गंज, जादा चाकाच्या खोबणीत साचलेली माती आणि दिव्यांच्या आतील बाष्प या त्यांपैकी प्रमुख होत. नोंदणीची स्थिती, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा यांची माहिती 'एमपरिवहन' या सरकारी अ‍ॅपवर पाहता येते. वाहन कधी टोटल लॉस ठरले होते का, याचा उल्लेख मात्र नोंदणी प्रमाणपत्रावर केला जात नाही.

## इतर देशांतील पद्धती

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा वाहनांचे चार वर्ग केले जातात. 'ए' वर्गातील वाहन सुट्या भागांसह पूर्णपणे नष्ट करावे लागते. 'बी' वर्गातील वाहनाचे भाग वापरता येतात, परंतु सांगाडा नष्ट करावा लागतो. 'एस' वर्गातील वाहनाच्या मूळ रचनेस इजा झालेली असते, तर 'एन' वर्गात तशी इजा नसते. ही दोन्ही दुरुस्त करून वापरता येतात. अमेरिकेत बहुतेक राज्ये वाहनाच्या मालकी दस्तऐवजावरच 'साल्व्हेज' अशी नोंद करतात आणि ती माहिती राष्ट्रीय प्रणालीत साठवली जाते. या पद्धतींत वाहनाचा इतिहास त्याच्या कागदपत्रांबरोबर पुढील खरेदीदारापर्यंत पोहोचतो.

## तक्रार निवारण

टोटल लॉसच्या दाव्यांतील वाद प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात: ७५ टक्क्यांची मर्यादा ओलांडूनही दुरुस्तीचाच आग्रह धरला जाणे, अवशेषांची किंमत जास्त दाखवून भरपाई कमी केली जाणे आणि पुरातील इंजिनाची हानी नाकारली जाणे. विमाधारकास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. लोकपालास ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर करण्याचा अधिकार आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदारास आपल्या निवासक्षेत्रातील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील रहिवाशांसाठी हा आयोग ठाणे जिल्ह्याचा आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत, गॅरेजचे अंदाजपत्रक, अवशेषांसाठी आलेल्या बोलींचा तपशील आणि नोंदणी रद्द केल्याची किंवा हस्तांतरणाची पोच हे अशा प्रकरणांतील प्रमुख पुरावे असतात.